पोलीस अधिकाऱ्याचा जीवनपट कसा लिहावा

निवृत्तीच्या गौरव अंकात किंवा गावच्या स्मरणिकेत पोलीस अधिकाऱ्यावर लिहिलेला लेख बहुधा पदके आणि गाजलेले गुन्हे यांच्यापुढे जात नाही. तुकाराम ओंबळे यांचे नाव २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे सर्वांना ठाऊक झाले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले; परंतु सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे हे गाव, लष्करातली नोकरी आणि त्यानंतर मुंबई पोलीस दलात सहायक फौजदार पदापर्यंतची वाटचाल सांगितल्याशिवाय तो माणूस वाचकाला पुरता भेटत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी घर आणि नोकरी या दोन्ही बाजूंची माहिती जमवावी.

सुरुवात बदल्यांच्या तक्त्याने करावी. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घरात असल्यास तिच्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव, शिक्षण, नेमणुका, रजा आणि बढत्या ओळीने सापडतात. ती नसेल तर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मागावेत, कारण प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि ‘पालकांची बदली’ हे कारण जुळवत गेल्यास कुटुंब कोणत्या गावी केव्हा राहिले याचा बराच उलगडा होतो. मात्र मुलांच्या जन्मगावावरून नेमणुकीचे ठिकाण ठरवू नये. बाळंतपण बहुधा आईच्या माहेरी झालेले असते. शिवाय बदली झाली तरी कुटुंब जुन्याच गावी, मुलांच्या परीक्षेसाठी, पोलीस लाईनीतल्या खोल्यांत मागे राहिलेले असू शकते, हेही विचारून घ्यावे.

अधिकारी जुन्या पिढीतला असेल, तर त्याच्या वडिलांच्या काळी तो मुलूख कोणाच्या अमलाखाली होता हे आधी पाहावे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले सरकारी कागद उर्दूत निघतात. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. विदर्भाचे जिल्हे आधी मध्य प्रांताकडे आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाकडे होते. जमिनीचे आणि वतनाचे जुने कागद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत. पदांची नावे त्या त्या काळची ठेवून, फौजदार म्हणजे आजचा पोलीस उपनिरीक्षक, असा खुलासा एकदाच करावा.

घरच्यांशी बोलताना माझ्या मते सर्वांत जास्त वेळ पत्नीला द्यावा, आणि तिची मुलाखत पतीच्या समोर घेऊ नये. ‘अभिमान वाटतो का?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी गणपतीच्या दहा दिवसांच्या बंदोबस्तात घरच्या गणपतीची प्रतिष्ठापना कोणी केली, रात्री फोन वाजला की प्रथम कोण उठत असे, पगार हाती येईपर्यंत किराणा कसा भागवला, असे विचारावे. साप्ताहिक सुट्टी रद्द झाल्याने राहून गेलेले साखरपुडे आणि अंत्यविधी अशाच बोलण्यातून कळतात, आणि जीवनपटाचा कणा तेच असतात. आईवडिलांची शेती, शिक्षणासाठी काढलेले कर्ज, भरतीच्या तयारीला पैसे पुरवणारा थोरला भाऊ यांची नोंदही इथेच घ्यावी.

सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची कौटुंबिक माहिती माहितीच्या अधिकारात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सेवाविषयक नोंदी आणि मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. अशी माहिती त्याने स्वतः दिली तरच वापरावी. गुन्ह्यांबद्दल लिहिताना अटकेच्या दिवशीच्या बातमीवर विसंबू नये. न्यायालयाचा निकाल पाहावा, कारण आरोपी निर्दोष सुटला असेल तर त्याचे नाव छापणे अन्यायाचे होईल. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि खबऱ्याचे नाव तर कितीही वर्षे लोटली तरी लिहू नये. सेवेत असलेल्याच्या लेखात राहत्या घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळांची नावेही गाळावीत.

मसुदा तयार झाला की तो छपाईला देण्याआधी घरच्यांना वाचून दाखवावा. तारखांच्या चुका तिथेच सुधारतात. एखादा घरगुती प्रसंग त्यांनी काढायला सांगितला, तर कारण न विचारता काढावा.