छोट्या फायरवॉल बॉक्सला जादा लॅन पोर्ट जोडताय? या चुका टाळा

ऑफिस छोटंच असतं पण गरजा वाढत जातात आणि एक दिवस फायरवॉल बॉक्सच्या (इंटरनेट आणि ऑफिसच्या मधे बसून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर) मागे बघावं तर पोर्ट संपलेले. एकात मेन लाइन, एकात बॅकअपची दुसरी लाइन, तिसऱ्यात ऑफिसचा स्विच, आणि आता कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) वेगळा ठेवायचाय, वर पाहुण्यांच्या वायफायला अकाउंटच्या कॉम्प्युटरपासून लांब ठेवायचंय. मी हे लिहितोय ते मुख्यतः पीसी इंजिन्सच्या एपीयू२ बोर्डवर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकून केलेल्या कामावरून. स्विस कंपनीचा तळहाताएवढा बोर्ड, एएमडीचा चार कोरचा १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, इंटेलचे तीन गिगाबिट पोर्ट, पंखा नाही. कंपनीने ही मालिका आता बंद केलीय पण बोर्ड दणकट आहेत, म्हणून लोक ते फेकत नाहीत, पोर्ट वाढवायच्या मागे लागतात. बाकीच्या छोट्या बॉक्सना पण यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पोर्ट पाहिजे की नेटवर्क पाहिजे, हेच न ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. लोक म्हणतात "चौथा पोर्ट पाहिजे", आणि विचारलं कशाला तर कळतं की त्यांना चौथं नेटवर्क पाहिजे, पोर्ट नाही. वेगळं नेटवर्क व्हीलॅनने होतं, म्हणजे एकाच केबलवर आणि स्विचवर नंबर लावून वेगळी ठेवलेली नेटवर्क. एक मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते असा) घ्यायचा, बॉक्सच्या लॅन पोर्टवरून एकच केबल स्विचला, त्या केबलवर सगळे व्हीलॅन टॅग (आपापल्या नंबरची खूण) लावून जातात आणि स्विच प्रत्येक पोर्टवर हवा तो व्हीलॅन काढून देतो. बॉक्स उघडायचाच नाही, स्क्रूड्रायव्हर लागतच नाही.

यावर लोक म्हणतात की मग सगळं एकाच १ गिगाबिटच्या केबलमधून जाणार ना. हो, जाणार. पण तुमची इंटरनेट लाइन २०० एमबीपीएसची असेल तर गेस्ट वायफायसाठी ती केबल भरत नाही. एका व्हीलॅनमधल्या नॅसवरून (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) दुसऱ्या व्हीलॅनमधल्या पाच पीसीवर रोज मोठे व्हिडिओ कॉपी होत असतील तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा पण नॅस आणि पीसी एकाच नेटवर्कात ठेवता येतील का ते आधी बघा, कारण वेगळ्या नेटवर्कमधला सगळा ट्रॅफिक या छोट्या प्रोसेसरमधूनच जाणारे, पोर्ट कितीही लावा.

इथे अजून एक गफलत होते. साधा स्विच घेऊन त्यावरच दोन सबनेट (आयपी पत्त्यांचे दोन गट) चालवायचे, कॅमेरे १९२.१६८.२० मध्ये आणि ऑफिस १९२.१६८.१० मध्ये, आणि समजायचं की वेगळं झालं. नाही झालं. साधा स्विच सगळ्यांना एकाच नेटवर्कात ठेवतो, कुणीही हाताने आयपी बदलला की पलीकडे पोचला.

व्हीलॅन लावताना क्रम चुकला तर स्वतःच बाहेर फेकले जाता. आधी फायरवॉलवर व्हीलॅन बनवा, त्याला आयपी द्या, मग स्विचचा बॉक्सकडे जाणारा पोर्ट टॅग्ड करा, आणि शेवटी एकेक साधा पोर्ट बदला, त्यात अनटॅग्ड (कुठला व्हीलॅन टॅग काढून बाहेर द्यायचा) आणि पीव्हीआयडी (टॅगशिवाय आत आलेलं कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं) दोन्ही एकाच नंबरवर पाहिजेत. खूप जण अनटॅग्ड बदलतात आणि पीव्हीआयडी १ वरच राहतो, मग पॅकेट एका नेटवर्कात जातो आणि उत्तर दुसऱ्यात. आणि स्विचचा एक पोर्ट जुन्या सेटिंगवर तसाच ठेवा, काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

कन्सोल केबल हातात नसताना बॉक्स उघडणं

ठीके, खरंच वेगळा पोर्ट पाहिजे, म्हणजे तिसरी इंटरनेट लाइन आलीय वगैरे. मग आधी सिरियल केबल, म्हणजे लॅपटॉपवरून बॉक्सचा कन्सोल (अक्षरांचा मेनू) थेट बघायची केबल. एपीयू२ ला मॉनिटरचा पोर्टच नाही, त्यामुळे कार्ड टाकल्यावर वेब पेज उघडलं नाही तर आत काय चाललंय ते फक्त सिरियल कन्सोलवर दिसतं. केबल नल मोडेम (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा उलटसुलट जोडलेली) लागते, सरळ केबल लावलीत तर स्क्रीन कोरीच राहणार. स्पीड ११५२००. याच कंपनीचा जुना अ‍ॅलिक्स बोर्ड असेल तर तिथे ३८४०० असतो, कचरा अक्षरं दिसली की आधी हाच आकडा तपासा. केबल आजच्या चालू बॉक्सला लावून मेनू दिसतोय याची खात्री करा, कॉन्फिगचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या, मगच पॉवर काढा.

खाच दिसली की कार्ड बसवणं

मिनी पीसीआय एक्सप्रेसची खाच (जादा कार्डासाठी) आणि एमसाटाची खाच (एसएसडीसाठी) दिसायला सारखीच असते. एमसाटाच्या खाचेत नेटवर्क कार्ड बसेल पण चालणार नाही. काही बोर्डवर मोडेमसाठी ठेवलेल्या खाचेत नुसत्या यूएसबीच्या तारा असतात, पीसीआय एक्सप्रेस नसतंच, आणि दुकानदार म्हणतो "बसतंय ना, मग चालणार". बोर्डचं मॅन्युअल उघडून त्या खाचेला काय जोडलंय ते वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. नवीन मिनी पीसीत एम.२ प्रकारची खाच असते, तिथे वायफायची आणि एसएसडीची खाच वेगळी, कार्ड घेताना त्याची 'की' (कार्डाच्या कडेच्या कापाचा प्रकार) कोणती ते बघून घ्या.

अशा कार्डाला सहसा एक पट्टीची केबल आणि तिच्या टोकाला पोर्टची छोटी पाटी असते. ती पाटी कॅबिनेटमध्ये कुठे बसणार ते आधी ठरवा. मी एका ठिकाणी ती आतच चिकटपट्टीने बसवलेली आणि केबल अँटेनाच्या भोकातून काढलेली पाहिलीय, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला धातू घासत होता. भोक कापायचं असेल तर बोर्ड बाहेर काढून कापा, पत्र्याचा कीस बोर्डवर पडला तर संपलं. बोर्ड परत बसवताना प्रोसेसरची उष्णता पत्र्यापर्यंत नेणारी प्लेट नीट चिकटलीय ना बघा, कारण एपीयू२ मध्ये कॅबिनेट हेच हीटसिंक आहे.

नावं सरकतात, आणि इंटरनेट जातं

हा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त डोकं खातो. पीएफसेन्स ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं त्या फ्रीबीएसडीवर पोर्टचं नाव ड्रायव्हरवरून पडतं, म्हणजे एपीयू२ चे इंटेल पोर्ट आयजीबी०, आयजीबी१, आयजीबी२. नवीन कार्ड रिअलटेकचं असेल तर ते आरई० होतं आणि जुन्यांना धक्का लागत नाही. पण नवीन कार्डही त्याच ड्रायव्हरवर चालणारं इंटेलचं असेल तर नंबर पुन्हा लागतात, आणि बोर्डने नवीन खाच आधी मोजली तर कालचा आयजीबी० आज आयजीबी१ होऊ शकतो. कॉन्फिगमध्ये वॅन (इंटरनेटची बाजू) आयजीबी० लिहिलेलं असतं, मग वॅन जाऊन बसतं रिकाम्या नवीन पोर्टवर. लोकांना वाटतं कार्डाने बॉक्स बिघडवला. बिघडलेलं काही नसतं, कन्सोलवर पहिला पर्याय घेऊन पोर्ट पुन्हा नेमून द्यायचे असतात. म्हणून कार्ड टाकायच्या आधी प्रत्येक पोर्टचा मॅक अ‍ॅड्रेस (पोर्टचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) कागदावर लिहा आणि बॉक्सला चिकटवा, नावावर भरवसा नको, मॅक बदलत नाही.

आणि वॅन खरंच दुसऱ्या पोर्टवर हलवलंत तर आपल्याकडचे बरेच केबलवाले मॅक बांधून ठेवतात, म्हणजे ओळखीच्या मॅकलाच इंटरनेट देतात, हे लक्षात असू द्या. सगळं बरोबर, लाइट लागतोय, आयपीच येत नाही. जुना मॅक नवीन पोर्टवर टाका किंवा त्यांना फोन करून बदलून घ्या, तोपर्यंत फायरवॉलची सेटिंग उचकू नका.

यूएसबीचा पोर्ट कायमचा ठेवणं

यूएसबी ते लॅन अ‍ॅडॉप्टर स्वस्त मिळतो, लावला की चालतो, मी पण लावलेत, तात्पुरत्या कामाला ठीक. पण कायमचा नको. एका ओळखीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मी दुसरी लाइन अशीच जोडून दिली होती, दोन महिने मस्त चाललं. मग एका रविवारी लाइट गेले, आले, बॉक्स सुरू होताना तो अ‍ॅडॉप्टर दिसला नाही, आणि पीएफसेन्सला नेमलेला पोर्ट सापडला नाही की तो पुढे जातच नाही, पोर्ट नेमून द्या म्हणत कन्सोलवर थांबतो. म्हणजे बॅकअपच्या लाइनसाठी लावलेल्या वस्तूने मेन लाइन पण बंद पाडली. सोमवारी सकाळी पेशंट बसलेले आणि मी सिरियल केबल घेऊन धावतोय. त्याच दिवशी तो काढून तिथे व्हीलॅनवाला स्विच लावला.

"नवीन पोर्ट डेड आहे"

कार्ड दिसतंय, लाइट लागतोय, तरी काही चालत नाही. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. पीएफसेन्समध्ये बाहेर जाऊ देणारा नियम फक्त लॅनला आपोआप मिळतो, नवीन जोडलेल्या पोर्टवर (पीएफसेन्स त्याला ऑप्ट म्हणतं) एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. पिंगसुद्धा नाही. डीएचसीपी (जोडलेल्या कॉम्प्युटरना आपोआप आयपी देणारी सोय) पण स्वतः चालू करावा लागतो. आयपी देताना मास्कच्या (नेटवर्क केवढं मोठं ते सांगणारा आकडा) यादीत आधीच ३२ निवडलेला असतो, तो २४ करायचा राहून जातो आणि मग डीएचसीपीचं पान काही केल्या नीट भरता येत नाही. आउटबाउंड नॅट (आतले आयपी बाहेर जाताना बदलणारे नियम) हाताने चालवत असाल तर तिथे पण नवीन नेटवर्क टाका. मात्र गेस्टला सगळं खुलं करताना आधी ऑफिसच्या नेटवर्ककडे जाणं अडवणारा नियम वर ठेवा, नियम वरून खाली वाचले जातात, जो आधी जुळला तो लागू.

नवीन पोर्ट लॅनशी ब्रिज करून (दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कात जोडून) "स्विच" बनवायचा मोह होतो, तो टाळा. स्विचमधली चिप जे काम फुकटात करते ते इथे प्रोसेसर करत बसतो.

शंका आली की नवीन पोर्टवर पॅकेट कॅप्चर (पोर्टवरून काय येतं-जातं ते दाखवणारं पीएफसेन्समधलं साधन) लावा आणि लॅपटॉप जोडा. डीएचसीपीची मागणी येताना दिसली तर केबल, कार्ड, ड्रायव्हर तिन्ही बरोबर आहेत, चूक सेटिंगमध्ये. काहीच दिसलं नाही तर केबल बदला, मग कार्ड काढून परत बसवा, पॉवर काढून. स्पीड मोजायचा असेल तर आयपर्फ हा स्पीड मोजायचा प्रोग्रॅम बॉक्सवर चालवू नका, दोन बाजूंना दोन लॅपटॉप ठेवून बॉक्समधून आरपार मोजा, नाहीतर आयपर्फलाच प्रोसेसर खर्च होतो आणि आकडा उगाच कमी दिसतो.