कँटोनीज शिव्याशाप: कुठला बोलावा, कुठला गिळावा

वेंगुर्ल्या-देवगडाकडची पोरं जहाजावर चढली की हाँगकाँगच्या कँटोनीज बोलणाऱ्या खलाशांकडून पहिल्या शिव्याच उचलतात. मी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून त्या हाँगकाँगवाल्यांसोबत उभी हयात काढली. म्हणून सांगतो, आधी शिवीचं वजन ओळखा, मग तोंड उघडा.

'पूक गाय' दिवसभर कानावर पडेल. रस्त्यात पडून मर, असा तो शाप. दोस्तांत खपून जातो, नवख्याने बोलू नये. 'हम गा छान' मात्र कोणीच बोलू नये, त्यात अख्खं कुटुंब मेलेलं मागितलंय. आपल्या वाडीत कोणी 'तुझो निर्वंश होवंदे' म्हटलं तर पुढे जाणं-येणं राहतं का? तुला पोरगा होईल तो गुदद्वाराविना, असाही एक शाप आहे. पाप बापाचं, त्यात लेकराचा काय दोष?

राग खरा असेल तर समोरच्याच्या कृत्यावर बोट ठेवा. ज्याला सांभाळून घेतलं त्यानेच कॅप्टनकडे चुगली केली, तर म्हणा 'सिक वुन मिन, फान वुन दाय'. वाडग्यातलं वरचं खाऊन वाडगाच उलटा करणारा, म्हणजे आपला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. काम झाल्यावर ओळख विसरणाऱ्याला 'ग्वो खिउ छाउ बान'. असा माणूस पूल ओलांडतो नि मागच्या फळ्या काढून घेतो.

सगळ्यांत जड मला वाटतो तो 'मोउ यम गुंग'. गुपचूप केलेल्या सत्कर्मांची पुण्याई गाठीला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकदा तापाने फणफणलेल्या खलाशाला परक्या बंदरात उतरवून मालक मोकळे झाले. आमचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा कुक, कढईत पळी आपटून हेच बोलला. मालकांचा धिक्कार नि त्या पोराची कीव, दोन्ही त्यात आलं. ते दोन्हीकडे चालतं.

कँटोनीजमध्ये सूर सहा. सूर चुकला की शब्दच बदलतो, तेव्हा आधी एखाद्या जाणत्यासमोर घोकून घ्या. तोंडून अभद्र निघालंच तर लगेच 'दाय गत लेइ सी' म्हणा. अशुभ टळावं म्हणून तेही हेच म्हणतात.

एवढ्यानेही जीव शांत झाला नाही, तर हाँगकाँगला कॉजवे बेजवळच्या गूजनेक पुलाखाली जा. तिथे म्हाताऱ्या बाया आपल्या वैऱ्याच्या नावाने कागदी माणूस जुन्या चपलेने बडवतात, डोकं, हात, पाय एकेकाचं नाव घेत. 5-6 मार्चच्या सुमारास मोठी गर्दी असते. पैसे आधी ठरवा, आणि कागदावर ज्याच्यावर राग आहे त्या एकाचंच नाव घाला.