जुने शिवणयंत्र दुरुस्त करताना या चुका टाळा

पहिली चूक माझी स्वतःचीच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले सिंगर कंपनीचे २८के हे हातमशीन मी मोठ्या उत्साहाने स्पिरिटने पुसायला घेतले. कापसाचा बोळा आधी तपकिरी झाला आणि मळ निघतो आहे म्हणून मी खूश झालो. दुसरा बोळा पिवळा झाला, तिसऱ्यावर सोनेरी कण चमकू लागले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की शंभर वर्षे टिकलेली वेलबुट्टी मी दहा मिनिटांत पुसून टाकली होती.

याचे कारण कोणताही जुना सुतार सांगू शकेल. या यंत्रांचा काळा रंग म्हणजे डांबर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा भट्टीत भाजलेला लेप असतो आणि तो बराच चिवट असतो. त्यावरची सोनेरी नक्षी मात्र हाताने रंगवलेली नसून चिकटवलेली असते आणि तिच्या रक्षणासाठी वरून पारदर्शक रोगणाचा, पुष्कळदा लाखेचा, पातळ थर दिलेला असतो. लाकडाला पॉलिश करणारा माणूस चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तेच स्पिरिट यंत्रावर चोळले, की हा थर विरघळतो आणि त्याच्यासोबत नक्षीही जाते. थिनर, नखांचा रंग काढायचे द्रव, काचा पुसायचे अमोनियायुक्त द्रव आणि भांडी घासायची पावडर ही सर्व याच पंगतीतली आहेत. साबणाचे पाणी निरुपद्रवी वाटते, पण रोगणाला बारीक तडे गेलेले असतील तर ते आत शिरते आणि सोनेरी रेघा चंदेरी पडतात. एकदा चंदेरी झालेली रेघ पुन्हा सोनेरी होत नाही.

त्यामुळे पहिली सफाई फक्त मशीनच्या तेलाने करावी. मऊ सुती चिंधीवर तेल घेऊन ते सर्वत्र हलकेच लावावे, रात्रभर राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी न घासता टिपून घ्यावे. असे चार-पाच दिवस केल्यास मळ सुटत जातो. कोणताही नवा पदार्थ वापरण्याआधी तो खांबाच्या मागच्या बाजूला किंवा बैठकीच्या खालच्या कडेला लावून पाहावा. चिंधीवर काळा मळ आला तर ठीक, पण पिवळसर किंवा सोनेरी काही दिसले तर तत्काळ थांबावे. स्प्रेने काळाभोर रंग मारून यंत्र ‘नवे’ करण्याचा मोहही टाळावा, कारण झिजलेली मूळ नक्षी ही नव्या चकाकीपेक्षा केव्हाही मोलाची असते. जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या अनेक यंत्रांवर खंडेनवमीच्या हळदकुंकवाचे थर बसलेले आढळतात. तेलात मिसळलेले हे कुंकू नक्षीच्या तड्यांत मुरते आणि तेल ओतायच्या छिद्रांतही गाळ करून बसते. पूजा अवश्य करावी, फक्त बोटे लोखंडी स्टँडवर उमटवावीत.

खरेदीच्या वेळी होणाऱ्या चुकांचे मूळ बहुधा एकाच समजुतीत असते : जितके जुने, तितके महाग. प्रत्यक्षात जुनी यंत्रे फारशी दुर्मीळ नाहीत. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथील सिंगरच्या कारखान्यातून पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काही वर्षांत दरसाल दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडत होती. हा कारखाना १९८० साली बंद झाला, पण त्याची यंत्रे आजही भारतभर माळ्यांवर पडून आहेत. २८के सारख्या मॉडेलच्या नावातला ‘के’ याच कारखान्याचा, किलबोवी या तिथल्या जागेचा. यंत्राच्या बैठकीवर ठोकलेल्या अनुक्रमांकावरून वय काढता येते. उदाहरणार्थ, ‘वाय’ या अक्षराने सुरू होणारे क्रमांक १९२०च्या दशकातले आणि १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धातले आहेत. परंतु ही तारीख तो क्रमांक कारखान्यात नेमून दिल्याची असते, यंत्र विकले गेल्याची नव्हे, त्यामुळे ‘आजीच्या लग्नातले मशीन’ आणि क्रमांक यांत एखाद-दोन वर्षांचे अंतर निघाले तर आजीवर अविश्वास दाखवू नये.

याउलट, पितळी बिल्ला आणि क्रमांक न पाहता केवळ नावाच्या चित्रावर विश्वास ठेवणे ही मोठी चूक आहे. देशी बनावटीच्या साध्या काळ्या यंत्रावर नामांकित कंपनीचे चित्र चिकटवून ते ‘विलायती’ म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. देशी यंत्र वाईट असते असे मुळीच नाही, फक्त त्याचे पैसे विलायती भावाने देऊ नयेत. ‘यात लाल पारा असतो’ असे कानात सांगणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नये. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा इतकी पसरली, की जुन्या सिंगर मशीनला अवाच्या सवा किंमत येऊ लागली आणि लोक सुईजवळ मोबाईल धरून लाइन तुटते का, हे पाहू लागले. सुई पोलादाची असते आणि यंत्र बिडाचे, त्यात पारा कुठेही नसतो.

विकत घेताना चार गोष्टी हाताने तपासाव्यात. चाक पूर्ण फेरा फिरते का, शटल (खालचा दोरा नेणारा भाग) व बॉबिन (खालच्या दोऱ्याचे रीळ) जागेवर आहेत का, सुईजवळच्या सरकत्या पट्ट्या आहेत का आणि बिडाला कुठे तडा नाही ना. २८के सारख्या यंत्रात हातमागाच्या धोट्याच्या आकाराचे छोटे शटल असते आणि त्यात लांबोडके बॉबिन बसते. हे शटल हरवलेले असेल तर यंत्र स्वस्त मिळूनही पुढे महाग पडते. शिवाय लाकडी पेटीच्या मुठीला धरून यंत्र उचलू नये. पेटीचे कुलूप शंभर वर्षांचे असते आणि आतले दहा-बारा किलोचे बीड पडले तर वाकत नाही, सरळ तुटते.

आता जाम झालेल्या चाकाबद्दल. चाक फिरत नाही म्हटल्यावर दोन माणसे लावून ते ओढणे ही सर्रास होणारी चूक आहे आणि तिच्यात यंत्राचे आतले भाग वाकतात. बहुसंख्य वेळा आत काहीही मोडलेले नसते. चुकीचे तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. आपल्याकडे खोबरेल तेल घालण्याची जुनी सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते हे थंडीत तेलाची बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असते, तरीही तेच तेल मशीनला घातले जाते. गोडेतेल त्याहून वाईट, कारण ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते. गंज सोडवणारे स्प्रेही तेलाची जागा घेऊ शकत नाहीत. ते जुने तेल पातळ करतात, पण स्वतः उडून जातात आणि धातू कोरडा ठेवतात.

जाम यंत्र सोडवण्याची रीत संथ आहे. सुई, दाबपाय (कापड दाबून धरणारा भाग) आणि शटल काढून ठेवावे. बॉबिनच्या जागेत आणि चाकामागे दोऱ्याचे तुकडे अडकले आहेत का, हे टॉर्चने पाहावे. माझ्या अनुभवात निम्मी ‘बंद’ यंत्रे तिथे गुंडाळलेल्या हातभर दोऱ्यामुळेच बंद असतात. त्यानंतर प्रत्येक छिद्रात आणि जिथे धातूवर धातू फिरतो अशा प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब मशीनचे तेल टाकावे आणि चाक फक्त बोटांच्या जोराने पुढे-मागे हलवून पाहावे. हलले नाही तर उद्या पुन्हा. हेअर ड्रायरने सांधा कोमट केल्यास वाळलेले तेल लवकर सुटते. काही जुने कारागीर सांध्यात रॉकेल सोडतात आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र ते नक्षीवर सांडू देऊ नये, ते वापरले असेल त्या दिवशी ड्रायर जवळ आणू नये आणि रॉकेलनंतर तेल घातल्याशिवाय यंत्र चालवू नये. मी आठ दिवस रोज तेल घातलेले एक यंत्र नवव्या दिवशी अंगठ्याच्या धक्क्याने फिरले.

चाक मोकळे झाले, पण चाकाच्या मधली गोल फिरकी कितीही आवळली तरी सुई हलत नाही, ही तक्रार यानंतर हमखास येते. चाक सफाईसाठी काढले असेल तर फिरकीच्या आतली तीन कानांची वॉशर उलटी बसलेली असते. तिच्या आतल्या बाजूच्या दोन जिभा बाहेरच्या अंगाला, म्हणजे फिरकीकडे, वळलेल्या असाव्यात. तशा असूनही पकड येत नसेल, किंवा बॉबिन भरताना चाक सुटत नसेल, तर वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावी. फिरकीवरचा बारीक पेच आधी सैल केल्याशिवाय फिरकी उघडायला जाऊ नये.

पेचांविषयी थोडे कडक बोलणे भाग आहे. सिंगरच्या पेचांचे आटे कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला ‘जवळपास बसणारा’ स्क्रू जोराने आवळल्यास बिडातला आटा कायमचा जातो. पेचकसाचे पाते खाचेत घट्ट आणि पूर्ण रुंदीने बसले पाहिजे, नाहीतर खाच झिजते आणि मग पेच निघता निघत नाही. टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारा, भाग उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि चकत्या, स्प्रिंग व नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडावेत. वाटीत एकत्र टाकलेले टेन्शन परत जोडता येत नाही, असे नाही, पण अख्खा रविवार जातो.

टाके सुटत असतील तर लोक आधी यंत्राची वेळ, म्हणजे सुई आणि तिच्या दोऱ्याचा फास पकडणारा आकडा (हूक) यांचा मेळ, बिघडली असे म्हणतात आणि आतले पेच सैल करतात. हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे, किंबहुना घरी न केलेलेच बरे. आधी सुई पाहावी. सिंगरच्या १५, २८, ६६, ९९, १२७ आणि २०१ या यंत्रांना आज घरगुती मशीनसाठी मिळणारी चपट्या दांड्याची नेहमीची सुई चालते. शिंप्याच्या जड मशीनची गोल दांड्याची सुई त्यांत बसल्यासारखी वाटते, पण तिचे माप वेगळे असल्याने आकडा दोऱ्याचा फास पकडू शकत नाही. याउलट, फार जुन्या क्रमांक १२च्या यंत्राला ही नेहमीची सुई चालत नाही आणि त्याची खास सुई आता दुर्मीळ आहे, म्हणून ते यंत्र सुईसह मिळत असेल तरच घ्यावे. सुई उलटी बसवणे ही दुसरी चूक. सुईची चपटी बाजू नेहमी शटलच्या किंवा आकड्याच्या बाजूला आणि लांब खाच त्याच्या विरुद्ध बाजूला असते. दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा असतो. एवढे लक्षात ठेवले की कोणत्याही कंपनीच्या यंत्रापुढे दोरा डावीकडून की उजवीकडून, हा प्रश्न पडत नाही. सुई वर थेट टेकेपर्यंत सरकवलेली हवी आणि तिचे टोक नखावर ओढले असता खरखरता कामा नये.

कापडाच्या खाली दोऱ्याचे जाळे होत असेल तर बहुतेक जण बॉबिन केसचा बारीक पेच फिरवतात. दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधोमध गेलेला नसतो, किंवा चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचे तंतू साचून त्या पूर्ण मिटत नाहीत. दाबपाय वर करून, दुहेरी दुमडलेला सुती कपडा चकत्यांमधून दोन-तीनदा ओढावा आणि दोरा नव्याने ओवावा. फास कापडाच्या वरच्या बाजूला येत असतील तरच खालच्या दोऱ्याकडे वळावे आणि तोही पेच घड्याळाच्या पाच मिनिटांइतकाच फिरवावा. कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला मळ खरडून काढावा. तिथे धुळीचा आणि सुताचा नमदा इतका घट्ट बसलेला असतो, की तो अखंड चौकोनी तुकड्यासारखा निघतो.

पायमशीनचा चामडी पट्टा सैल असेल तर घसरतो आणि अति आवळला तर पाय जड लागतो. बोटाने दाबल्यावर किंचित लवेल इतकाच तो कापावा, आधी थोडा थोडा. विजेच्या यंत्राच्या बाबतीत मात्र कोणतीही घाई क्षम्य नाही. जुन्या वायरचे रबरी आवरण ठिसूळ होऊन गळून पडलेले असते, म्हणून चालते का हे पाहण्यासाठी प्लग लावू नये. वायर बदलून घेतल्यावरच लावावा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने पाठवलेले सिंगरचे फेदरवेट २२१ हे विजेचे मशीन सहसा ११० व्होल्टचे असते आणि आपल्या २३० व्होल्टवर ते काही क्षणांत जळू शकते.

सगळे जुळून आल्यावर मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यावर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून टीप मारून पाहावी. दोन्ही रंग आपापल्या बाजूलाच राहिले तर टेन्शन बरोबर आहे. सुरुवातीचे काही दिवस सुईच्या दांड्यावरून तेलाचे थेंब गळत राहतात, तेव्हा रात्री दाबपायाखाली चिंधी ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात पांढरे कापड शिवायला घेऊ नये.