गच्चीवर डेकिंग आणि उष्णतारोधक बोर्ड: खरेदीआधीची तयारी

गच्चीवर उष्णतारोधक बोर्ड आणि त्यावर डेक, म्हणजे फळ्यांचा सपाट पृष्ठभाग, बसवण्यासाठी पहिल्या वेळी मी साहित्य पुरेशा काळजीने निवडले होते. बोर्डची उष्णतावाहकता, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते, ती तपासली होती, फळीचे नमुने उन्हात ठेवून पाहिले होते, स्क्रू कोणत्या पोलादाचे हेही विचारून घेतले होते. आणि तरीही काम संपल्यावर गच्चीचे दार बाहेर ढकलले तेव्हा ते बोटभर सरकून डेकच्या कडेला अडकले. प्रत्येक थराची जाडी मला तोंडपाठ होती, पण त्या सगळ्यांची बेरीज मी एकदाही कागदावर मांडली नव्हती. म्हणून ही यादी दुकानापासून नव्हे, उंबऱ्यापासून सुरू होते.

टेप घेऊन गच्चीच्या दारापाशी जावे आणि सध्याच्या जलरोधक पृष्ठभागापासून उंबऱ्याच्या माथ्यापर्यंतची उंची मोजावी. हे माप दारापाशीच घ्यावे, गच्चीच्या मध्यावर नव्हे. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि तो बहुधा दारापासून दूर जातो. ८० ला १ असा उतार असेल तर चार मीटरांच्या अंतरात पृष्ठभाग ५० मिलिमीटर खाली उतरतो. मध्यावर मोजलेली जागा त्यामुळे खऱ्यापेक्षा मोठी भासते, आणि डेक सपाट बसवायचा असल्याने सगळा हिशेब उंचवट्याच्या, म्हणजे दाराच्या टोकालाच चुकतो.

मग थरांची बेरीज करावी. माझी बेरीज अशी होती: उष्णतारोधक बोर्ड ५०, त्यावरचे संरक्षक कापड २, काँक्रीटचा संरक्षक थर ४०, रबरी पॅड ८, फळ्यांखालचे जॉइस्ट (ज्यांवर फळ्या बसतात त्या आडव्या पट्ट्या) ४० आणि फळी २३, एकूण १६३ मिलिमीटर. उंबरा होता १४० चा. डेक उंबऱ्याच्या वर बरोबर एका फळीच्या जाडीइतका गेला, आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी दाराखालून खोलीत आले. ही सहा आकड्यांची बेरीज करायला दोन मिनिटे लागतात. ती साहित्य मागवण्यापूर्वी करावी, मागवल्यावर नव्हे. आणि ती करणे मिस्त्रीवर सोपवू नये, कारण उष्णतारोधाचे काम करणारा आपले थर मोजतो, डेकिंग बसवणारा आपले, आणि दोघांची बेरीज कोणीच करत नाही.

त्याच कागदावर आणखी दोन उंची लिहाव्यात. पहिली कठड्याची. डेक १६० मिलिमीटर वर आला की कठडा तेवढाच बुटका होतो. १,०५० मिलिमीटरचा कठडा ८९० चा उरतो आणि लहान मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कठड्याची किमान उंची बांधकामाच्या नियमांत दिलेली असते आणि ती तयार पृष्ठभागापासून मोजायची असते, जुन्या लादीपासून नव्हे. दुसरी उंची भिंतीवर चढवलेल्या जलरोधक थराच्या वरच्या कडेची. हा थर तयार पृष्ठभागाच्या वर सुमारे १५० मिलिमीटर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. डेकखाली ही कड बुडाली तर भिंतीच्या सांध्यातून पाणी मुरते आणि ते कुठून येते हे डेक उचलल्याशिवाय कळत नाही.

आता साहित्य. उंची हाताशी आली म्हणजे बोर्डची निवड सोपी होते, कारण अनेक पर्याय आपोआप गळून पडतात. बोर्डचा उष्णतारोध म्हणजे मीटरमधील जाडी भागिले उष्णतावाहकता. साधारणपणे पांढऱ्या थर्मोकोलची, म्हणजे ईपीएसची, वाहकता ०.०३० ते ०.०४०, एक्सपीएसची (हेही ईपीएससारखेच पॉलिस्टायरीन, पण अधिक घट्ट) ०.०२९ ते ०.०३६, पीआयआरची (एक प्रकारचा कडक फोम) ०.०२२ ते ०.०२८ आणि रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची लोकर) ०.०३२ ते ०.०४४ इतकी असते. याचा अर्थ असा, की ०.०३४ च्या ५० मिलिमीटर एक्सपीएसचे काम ०.०२३ चा सुमारे ३४ मिलिमीटर पीआयआर करतो. उंबरा बुटका असेल तर हे १६ मिलिमीटर सोन्याच्या मोलाचे असतात. मात्र लगेच पीआयआर मागवू नये. पाणी ज्या थरातून वाहते तेथे, म्हणजे जलरोधक थराच्या वर, एक्सपीएसच घालावा, कारण त्याच्या बंद पेशींत पाणी फारसे शिरत नाही. पीआयआर, ईपीएस आणि रॉकवूल यांना कोरडे राहू द्यावे लागते. ते वापरायचे तर जलरोधक थर त्यांच्या वरून नव्याने करावा लागेल, आणि तो खर्च व ती जाडी पुन्हा बेरजेत धरावी लागेल.

दाब सहन करण्याची क्षमता विचारून घ्यावी, पण आकडा समजून घ्यावा. एक्सपीएसवर ३०० किलोपास्कल (दाबाचे एकक) लिहिलेले असते तेव्हा तो बोर्ड १० टक्के दबेपर्यंतचा आकडा असतो. कायमस्वरूपी भारासाठी त्याचा साधारण एक तृतीयांश भागच विश्वासाचा मानावा. मोठ्या कुंड्या आणि पाण्याची टाकी कुठे बसणार हे आधीच ठरवावे.

एक्सपीएस पाण्यावर तरंगतो, हेही ध्यानात ठेवावे. एका घनमीटरला त्याचे वजन तीस ते चाळीस किलो असते, आणि गच्चीची पाणी जाण्याची जाळी पाल्यापाचोळ्याने तुंबून पाणी साचले की वर पुरेसा भार नसलेले बोर्ड उचलले जातात. नुसत्या डेकिंगचा भार त्याला पुरेल असे गृहीत धरू नये. काँक्रीटचा थर मी यासाठीच घातला होता आणि ते योग्यच होते. चूक एवढीच, की त्याचे ४० मिलिमीटर उंबऱ्याशी पडताळून पाहिले नव्हते.

चिकटद्रव्याची चाचणी स्वतः करावी. बोर्डच्या तुकड्यावर एक थेंब टाकून तासाभराने पाहावे. द्रावक असलेले चिकटद्रव्य किंवा डांबरी प्राइमर असेल तर पॉलिस्टायरीन विरघळते आणि थेंबाच्या जागी खळगा दिसतो, ज्याच्या कडा वितळलेल्या साखरेसारख्या चकाकतात. असे द्रव्य सगळ्या बोर्डवर फासले गेले तर बोर्ड आतून पोकळ होतात आणि वरून काहीच कळत नाही. पीव्हीसीचा जलरोधक पडदा आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना थेट लागू देऊ नयेत. मध्ये कापडाचा थर हवा, नाहीतर पडद्यातील मऊपणा देणारे द्रव्य निघून जाते आणि तो ठिसूळ होतो. एक्सपीएस उघड्या उन्हात आठवडे पडू देऊ नये, त्याचा पृष्ठभाग पिवळा पडून भुकटी होते. आगीचा विचार भिंतीसाठी वेगळा करावा: पॉलिस्टायरीन वितळून जळते, पीआयआरवर कोळशासारखी साय धरते, रॉकवूल जळत नाही. बाहेरच्या भिंतीवर, जिन्यालगत किंवा शेजारच्या घराला लागून असलेल्या भागात केवळ जाडी वाचवण्यासाठी रॉकवूल नाकारू नये.

डेकिंगच्या फळीबद्दल. मिश्र फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, बहुधा पॉलिइथिलीन किंवा पीव्हीसी. नमुन्याचे कापलेले टोक पाहावे. वरचे प्लास्टिकचे आवरण तीनच बाजूंना आहे की खालच्या बाजूलाही, आणि फळीला जॉइस्टशी धरणाऱ्या क्लिपच्या खाचेत ते पोहोचले आहे का, हे टोकावर स्पष्ट दिसते. आवरण नसलेली फळी पाणी अधिक शोषते, तिच्यावर तेलाचे डाग बसतात आणि पहिल्या काही आठवड्यांत तिचा रंग उतरतो. नमुना स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा, चार दिवस पाण्यात ठेवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. दोन वेगवेगळ्या नमुन्यांमधला फरक आपल्याला विक्रेत्याच्या कोणत्याही बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. दुसरा नमुना भर दुपारी उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहावे. गडद रंगाच्या फळीवर बहुतेकांना उभे राहवत नाही. भरीव फळी पोकळ फळीपेक्षा महाग आणि जड असते, पण उघड्या टोकातून पाणी आणि मुंग्या शिरण्याची भीती तिच्यात नसते.

फळी जाडीने २० ची की २५ ची, याचे उत्तरसुद्धा उंबऱ्यापाशीच आहे. जॉइस्टचेही तसेच. दुसऱ्या वेळी मी ३० मिलिमीटरचा बोर्ड आणि २० मिलिमीटर उंचीचे ॲल्युमिनियमचे जॉइस्ट घेतले. बेरीज १२३ झाली आणि उंबऱ्याखाली १७ मिलिमीटर उरले. उष्णतारोधाचा काही भाग त्यासाठी सोडावा लागला, आणि दाराला लागून जाळी झाकलेली पन्हळ करावी लागली. पहिल्याच वेळी मोजले असते तर उंबराच वर घेता आला असता.

मिश्र फळी वाशासारखी भार उचलण्यासाठी वापरू नये. जॉइस्टमधील अंतर बहुधा ४०० मिलिमीटर असते, तिरक्या फळ्यांसाठी आणि पायऱ्यांसाठी ३००. उत्पादकाचा तक्ता याहून कमी सांगत असेल तर तक्ता पाळावा. फळी उष्णतेने लांबीत वाढते. मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०४ मिलिमीटर धरले, तर चार मीटरांची फळी ४० अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटरांहून थोडी जास्त वाढते, म्हणून टोकाला भिंतीपाशी जागा सोडलीच पाहिजे. किती सोडायची हे बसवण्याच्या दिवशीच्या तापमानावर ठरते: थंडीत जास्त, कडक उन्हात कमी.

पाणी जाण्याची जाळी डेकखाली कायमची गाडू नये. तिच्यावरची फळी दोन स्क्रू काढून उचलता यावी, आणि कोणती फळी ते लिहून ठेवावे.

बाकीचे थोडक्यात. स्क्रू आणि क्लिप स्टेनलेस पोलादाचे, समुद्रकिनारी ३१६ प्रतीचे. सगळ्या फळ्या एकाच खेपेतील, दहा टक्के जास्त. बोर्डचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. साहित्य सपाट जागी, झाकून.

काम सुरू होण्याच्या सकाळी, पहिला बोर्ड ठेवण्यापूर्वी, प्रत्येक थराचा एक एक तुकडा दारापाशी एकावर एक रचावा: बोर्ड, कापड, काँक्रीटच्या थराइतक्या जाडीची लाकडी पट्टी, पॅड, जॉइस्ट, फळी. मग दार उघडून पाहावे. ते तुकड्यांना न लागता पूर्ण उघडले तरच कामगारांना हात लावू द्यावा.