मीटर-स्कोप फोनला जोडताना या चुका टाळा

केबल लावली. स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या हातातल्या ऑसिलोस्कोपवर, चार्जिंगचं चिन्ह उमटलं. फोनवरचं अ‍ॅप मात्र हटून बसलंय: ‘डिव्हाइस सापडले नाही’. मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं, फोन बंद करून चालू करायचा, दुसरं अ‍ॅप शोधायचं, त्यालाही सापडलं नाही की स्कोपला शिव्या घालायच्या. यात माझी अख्खी दुपार गेली आहे. दोष होता केबलमध्ये. आत फक्त पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा, डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नव्हत्या.

चार्जिंगचं चिन्ह दिसलं म्हणजे जोडणी झाली, ही पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा लागतात: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी आणि पांढरी डेटाची. लाल-काळीवर दिवा लागतो, गप्पा मात्र हिरव्या-पांढऱ्यावरच होतात. केबल तपासायला तिनेच फोन लॅपटॉपला जोडा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर डेटाच्या तारा शाबूत आहेत. नाही आला तर ती केबल चार्जरपाशी ठेवून द्या आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच पुन्हा हातात येते.

केबल ठीक असूनही काही घडत नसेल तर प्रश्न उरतो तो मालक कोण याचा. लॅपटॉपला काही जोडताना हा प्रश्न येत नाही, कारण लॅपटॉप कायमच होस्ट, म्हणजे मालक, असतो. फोन मात्र एरवी लॅपटॉपचा चाकर असतो, आणि आता त्याला स्कोपचा मालक व्हायचं आहे. ‘आज तू मालक’ हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणं केबलच्या टोकातच असतं.

जुन्या मायक्रो-यूएसबीत हे काम आयडी नावाची जादा पिन करते. ओटीजी, म्हणजे फोनला मालक बनवणाऱ्या, केबलच्या फोनकडच्या टोकात ती ग्राउंडला जोडलेली असते, साध्या केबलमध्ये मोकळी. दोन्हीकडे मायक्रो टोक असलेली ओटीजी केबल उलटी लावली की मालकीचा निरोप फोनऐवजी स्कोपला जातो आणि दोघंही गप्प बसतात. अशा वेळी केबल उलटून लावली की काम होतं.

यूएसबी-सीमध्ये हीच गोष्ट सीसी नावाच्या पिनांवर ठरते. चाकराच्या बाजूला त्या पिनेपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. तो दिसला की फोन मालक होतो आणि पाच व्होल्ट सोडतो. नाही दिसला तर पलीकडे काही आहे हेच फोनला कळत नाही. गंमत अशी की स्वस्तात बनवलेल्या हातातल्या उपकरणांत नेमका हाच रेझिस्टर गाळलेला असतो. अँटेना तपासायच्या नॅनोव्हीएनए या छोट्या उपकरणाच्या सुरुवातीच्या बोर्डांवर तो नव्हता, त्यामुळे दोन्हीकडे सी असलेल्या केबलने ते फोनला दिसतच नसे. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांवर दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता आणि काही केबलवर तो बोर्ड चालूच होत नव्हता. म्हणजे ही चूक जाणत्यांकडूनही झालेली आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे. फोनच्या तोंडाला सी-टू-ए ओटीजी अडॅप्टर लावा आणि त्यात ए-टू-सी केबल घालून उपकरणापर्यंत न्या. हवा असलेला रेझिस्टर अडॅप्टरच्या पोटात असतो, फोनला तो दिसतो, उपकरणात असो वा नसो. दोन्हीकडे सी असलेली देखणी केबल बाजूला ठेवा. हात चालत असेल तर उपकरण उघडून ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, प्रत्येक सीसी पिनेला एक, स्वतः बसवता येतात. पण पिना इतक्या बारीक असतात की भिंग आणि स्थिर हात दोन्ही हवेत. मला अडॅप्टरच परवडतो.

एका स्कोपचा प्लग सरळ घातला की चालायचा आणि उलटा घातला की मेल्यासारखा पडायचा. सी प्लग दोन्ही बाजूंनी चालतो हे खरं, पण सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या पिना आत जोडलेल्या असल्या तरच. तेव्हा हार मानण्याआधी प्लग एकदा पालथा करून पाहा. फोनच्या तोंडात खिशातला कापूस-धूळ दाबून बसली असेल तरी असंच होतं. लाकडी दातकोरणीने ती हलकेच काढा, टाचणीने नको.

फोनच्या बाजूने दोष आहे का हे शोधायला माझ्याकडे एक जुना माउस आहे. ओटीजी अडॅप्टरला माउस लावायचा. पडद्यावर बाण आला तर फोन मालक होतोय, अडॅप्टरही ठीक आहे, शोध आता पुढे न्यायचा. बाण आला नाही तर सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ शोधा. काही फोनमध्ये ते बटण हाताने चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की ते आपोआप बंद होतं. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

माउस चालतो पण स्कोप चालत नाही? मग विजेचा संशय घ्या. यूएसबी २.० च्या नियमाने उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मागता येतात. स्कोपची स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर तो फोनकडून चार्ज व्हायला बघतो आणि वरून पडदाही पेटवतो. फोन थोडा वेळ देतो आणि मग हात आखडता घेतो: जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. त्यात केबल लांब आणि बारीक असली की आणखी भर. २८ गेजच्या तारेचा रोध दर मीटरला (इथला मीटर लांबीचा) साधारण ०.२१ ओहम. दोन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, सुमारे ०.८५ ओहम. अर्धा अँपिअर वाहिला की जवळपास ०.४३ व्होल्ट वाटेतच गेले. म्हणून उपकरण आधी पूर्ण चार्ज करा, केबल आखूड घ्या. तासन्‌तास चालवायचं असेल तर फोनलाही वीज पोचवणारा हब मध्ये घाला. त्या हबचा एक त्रास पुढे येतोच आहे.

इथपर्यंत सगळं जमलं तरी फोनला त्या उपकरणाची भाषा यायला हवी. अँड्रॉइडमध्ये ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून, यूएसबी होस्टची सोय आहे. पण लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकला की सगळ्या प्रोग्रॅमना पोर्ट दिसतो, तसं इथे नसतं. यूएसबीवरून सीरियल डेटा नेणाऱ्या चिपशी (सीएच३४०, सीपी२१०२ या तशाच चिपा) बोलायचं कसं, हे प्रत्येक अ‍ॅपला स्वतः शिकून यावं लागतं. सीएच३४० येणाऱ्या अ‍ॅपला सीपी२१०२ येईलच असं नाही. त्यामुळे अ‍ॅप निवडण्याआधी आपल्या केबलमध्ये किंवा उपकरणात कोणती चिप आहे ते पाहा. यूएसबीची माहिती दाखवणारी साधी अ‍ॅप मिळतात, त्यांत व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक दिसतो. ०४८३ आणि ५७४० दिसले तर तो एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपचा आभासी सीरियल पोर्ट, नॅनोव्हीएनए आणि टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर) याच क्रमांकांनी येतात. सीरियल टर्मिनलमधून एंटर मारलात तर ‘सीएच’ आणि बाणाचं चिन्ह असा प्रॉम्प्ट परत येतो. तो आला की तारेपासून फर्मवेअरपर्यंत (उपकरणाच्या आतल्या प्रोग्रॅमपर्यंत) सगळं धड आहे, उरलेला दोष अ‍ॅपचा.

मल्टिमीटरवाल्यांची एक वेगळीच फसगत होते. युनि-टी कंपनीच्या यूटी६१ई सारख्या मीटरची यूएसबी केबल दिसते साधी, पण तिच्यातली चिप सीरियल पोर्ट म्हणून येत नाही, कीबोर्ड-माउसच्या जातीची, म्हणजे एचआयडी म्हणून येते. सीरियल अ‍ॅपला ती दिसणारच कशी? त्याच मीटरची जुनी सीरियल केबल कन्व्हर्टर लावून वापरत असाल तर १९२०० बॉड (डेटाचा वेग), सात बिट, ऑड पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) असं बसवावं लागतं. नेहमीच्या सवयीने आठ बिट, पॅरिटी नाही असं ठेवलं तर पडद्यावर कचरा येतो. शिवाय मीटरकडचा प्रकाशावर चालणारा भाग सीरियल पोर्टच्या डीटीआर-आरटीएस या नियंत्रण रेषांमधूनच वीज घेतो. डीटीआर चालू आणि आरटीएस बंद ठेवायला अ‍ॅप विसरलं तर कचरासुद्धा येत नाही. आणि पुष्कळ मीटर बटण दाबून सांगितल्याशिवाय डेटा पाठवतच नाहीत. हे बटण मी अजूनही विसरतो.

आयफोनवाल्यांसाठी इथे फारसं काही नाही. २०२३ च्या आयफोन १५ पासून तोंड यूएसबी-सी झालं, पेनड्राइव्ह चालतो, कीबोर्ड चालतो, पण साध्या अ‍ॅपला यूएसबी-सीरियल उघडायची मुभा नाही. ब्लूटूथ किंवा वायफाय असलेलं उपकरण घ्या, केबलवर वेळ घालवू नका.

परवानगीची चौकट आली आणि घाईत ‘रद्द’ दाबलं गेलं तर केबल काढून पुन्हा लावा, ती परत येते. आधीचं अ‍ॅप मागे उघडं असेल तर ते बंद करा, पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. रात्रभर लॉग घ्यायचा असेल तर त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची काटकसर बंद करा. मी एकदा बॅटरी उतरण्याचा आलेख घ्यायला फोन लावून झोपलो, सकाळी हातात पहिल्या चाळीस मिनिटांची रेघ होती. फोनही झोपला होता.

फर्मवेअर बदलायच्या नादात उपकरण डीएफयू मोडमध्ये, म्हणजे नवं फर्मवेअर घ्यायच्या अवस्थेत, गेलं की नॅनोव्हीएनएचा पडदा काळा पडतो आणि प्रॉडक्ट क्रमांक डीएफ११ होतो. ते मेलेलं नसतं. बंद करून चालू करा.

आता ज्या चुकीने फोन जातो, आणि फोनवर भागलं तर नशीब म्हणायचं, ती चूक. स्कोपच्या प्रोबचा काळा चिमटा म्हणजे बीएनसीचं (प्रोब जोडायच्या गोल सॉकेटचं) धातूचं कवच, तेच यूएसबीचं ग्राउंड, तेच फोनच्या सॉकेटचं कवच. बहुतेक हातातल्या स्कोपमध्ये ही एकच अखंड तार आहे. तो चिमटा मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, लाइव्हवर लागला की फोनच्या तोंडाचा धातू लाइव्ह झाला, आणि फोन तुमच्या हातात आहे. वीजवाल्या हबचा अडॅप्टर अर्थिंगवाला असेल तर तोच प्रवाह हबमधून अर्थला जाईल आणि मोठा आवाज होईल. मेन्स नसलं तरी सुटका नाही. एका हबवर दोन उपकरणं लावून त्यांचे चिमटे सर्किटच्या दोन वेगळ्या बिंदूंना लावले तर ते दोन बिंदू तुम्ही हबमधून शॉर्ट केलेत.

हे मला वाचून पटलं नव्हतं, म्हणून तपासून पाहिलं. स्कोप बंद, सगळ्या केबल काढलेल्या, मल्टिमीटर बीपवर. एक टोक बीएनसीच्या कवचाला, दुसरं यूएसबीच्या कवचाला. बीप वाजला. तुमच्या स्कोपवर हे आजच करा. बीप वाजला नाही म्हणून मात्र तो मेन्ससाठी सुरक्षित ठरत नाही, त्यासाठी उपकरणावर आयसोलेशनचं रेटिंग छापलेलं हवं.

मधे यूएसबी आयसोलेटर घालता येतो, तो डेटा जाऊ देतो पण दोन्हीकडची ग्राउंड वेगळी ठेवतो. एडीयूएम३१६० या चिपवर बनवलेले छोटे बोर्ड सहज मिळतात, पण ते १२ मेगाबिट प्रति सेकंदापर्यंतच चालतात. ४८० मेगाबिटवरच बोलणारा स्कोप त्यातून जाणार नाही. लो-व्होल्टेज सर्किटमधली ग्राउंडची भानगड त्याने सुटते. हबच्या किंवा चार्जरच्या स्विचिंगची जी केसाळ रेघ सिग्नलवर दिसते, तीही बरीच कमी होते. (ती आयसोलेटरशिवाय ओळखायची असेल तर चार्जर काढून फोन नुसत्या बॅटरीवर चालवा. रेघ साफ झाली तर ती तुमच्या सर्किटची नव्हती.) पण मेन्सवर काम करायला तो आधार पुरेसा नाही. तिथे रेटिंग असलेला डिफरन्शियल प्रोब (ग्राउंडचा चिमटा न लावता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरा, किंवा प्रकाशाने डेटा पाठवणारा, कॅट रेटिंगचा (मेन्सवर सुरक्षित असल्याच्या दर्जाचा) मल्टिमीटर. आणि यूएसबी केबल काढली म्हणजे झालं असंही नाही. चिमटा लाइव्हवर असेल तोवर बीएनसीचं उघडं कवच आणि यूएसबीचं रिकामं तोंड दोन्ही लाइव्हच असतात.