मियाटाला टर्बो लावायचा की नाही? आधी या चुका टाळा

माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात, ती १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, १३६ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि हजार किलोच्या आत वजन. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या गाडीवेड्या मराठी माणसाला सेकंडहँड बाजारात परवडणारी खरी स्पोर्ट्‌स कार बहुतेक वेळा हीच असते. वळणांवर ती जीव हरखून टाकते आणि चढावर जोर कमी पडतो. मग टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) लावू की बिनटर्बोचंच इंजिन सुधारू, हा घोळ सुरू होतो.

माझ्या मते दोन्ही मार्ग चांगले आहेत. बहुतेक इंजिनं जातात ती एकाच कारणाने: हवा वाढवली, पण तिच्यामागून जे यायला हवं होतं, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि थंडावा, ते आलं नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका मुळाच्या आहेत.

किती ताकद हवी ते न ठरवता पार्ट मागवणं

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले एक ठरलेला आकडा, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो. समजा तुम्हाला १८० अश्वशक्ती हवी आहे. बिनटर्बोच्या इंजिनाचा टॉर्क फारसा वाढत नाही, कारण १.६ लिटरच्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाने मावेल तेवढीच हवा मावणार. टॉर्क १३६ वरच राहिला तर १८० साठी इंजिन साधारण ९४०० आरपीएमला फिरवावं लागेल. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडर (एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या नळ्या) आणि वाढीव कॉम्प्रेशनने टॉर्क १५० पर्यंत नेलात, तरी ८५०० लागतील. कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ७००० वरून ८५०० ला गेलात की ताण जवळजवळ दीडपट. तिथे फोर्ज्ड रॉड, जाड व्हॉल्व्ह स्प्रिंग, नवे कॅम, नवीन ईसीयू (इंजिनाचा संगणक) असं सगळं आलं. आणि इतकं करून रोजच्या चालवण्यातल्या तीन-चार हजार आरपीएमला गाडी आधीपेक्षाही मंद वाटणार.

टर्बोने हेच १८० अर्ध्या बारच्या थोडं वर बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) देऊन मिळतात, आणि लाल रेषा, म्हणजे इंजिनाची आरपीएमची मर्यादा, आहे तिथेच राहते.

म्हणून १८० किंवा त्याहून जास्त हवं असेल तर टर्बोच लावा. १३०-१४० पुरत असेल आणि पाय दाबताच इंजिनाने हुंकार द्यावा एवढीच अपेक्षा असेल, तर टर्बोच्या वाटेला जाऊच नका. अनेकांना सुचतच नाही असा एक मधला मार्गही आहे: १९९४ च्या गाडीपासून आलेलं १८३९ सीसीचं इंजिन बसवणं. क्षमता वाढली की टॉर्क आपोआप वाढतो, आणि विश्वासार्हता कंपनीची राहते.

बिनटर्बोत एअर फिल्टर बदलून २५ अश्वशक्ती वाढतील असं कोणी म्हणालं, तर माझदाने स्वतः काय केलं ते आठवा. २०१९ च्या मॉडेलमध्ये कंपनीने चौथ्या पिढीच्या २ लिटर इंजिनाची ताकद अमेरिकेत १५५ वरून १८१ वर नेली आणि लाल रेषा ६८०० वरून ७५०० वर. त्यासाठी पिस्टन आणि रॉड हलके केले, व्हॉल्व्ह मोठे केले, स्प्रिंग कडक केल्या, थ्रॉटल बॉडी मोठी केली. एवढं सगळं २६ अश्वशक्तीसाठी.

इंजिनाची तब्येत न बघता कामाला हात घालणं

साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. तिथली चावीची खाच झिजते, पुली डगमगू लागते, टायमिंग सरकतं आणि गाडी हळूहळू मरगळते. ओळखायला सोपं आहे. खाली वाकून टॉर्चने क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघा. बोल्टभोवतीच्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड नाकाचा क्रँक, आठ दिसल्या तर लांब नाकाचा. चार खाचा असतील तर इंजिन चालू ठेवून पुली सरळ फिरते की लचकते ते नीट बघा. लचकत असेल, तर त्या इंजिनावर टर्बोचा खर्च करू नका.

सोबत कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब तयार करतो) आणि लीक-डाउन टेस्ट (तो किती गळतो) करून घ्या. चार सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी तो निस्तरा. कमजोर सिलिंडर बूस्टखाली सुधारत नाही, तोच सगळ्यात आधी जातो.

हवा वाढवली, पेट्रोल तेवढंच ठेवलं

सगळ्यात महागडी चूक ही.

१.६ च्या गाडीत हवा मोजायला झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. हवेच्या ओघाने झडप उघडते आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. टर्बो लावल्यावर झडप एका टप्प्यावर पूर्ण उघडते. त्यानंतर हवा कितीही वाढली तरी ईसीयूला ते कळतच नाही. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ज्वलन तापतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी स्वतःच भडकणं) सुरू होतं, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटायला एक लांब चढ पुरतो. जुन्या टर्बो किटांमध्ये यावर उपाय म्हणून बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर यायचा. कमी बूस्टला तो कसाबसा निभावतो, पण नेमकेपणा त्यात नाही. आज त्याच्या नादी लागू नका. मेगास्क्वर्टसारखा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, सोबत मॅनिफोल्डचा दाब आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारे सेन्सर, आणि मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, एवढं घ्याच. टर्बोपेक्षा आधी घ्या.

इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या नळाचा) हिशेब घरी कागदावर करता येतो. टर्बोच्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल धरा. १८० अश्वशक्तीला ४५ किलो, म्हणजे एका इंजेक्टरला सव्वाअकरा किलो. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून क्षमता १४ किलोची हवी. मिनिटाला ती साधारण ३२० सीसी होते. कंपनीचे मूळ इंजेक्टर याच्या पुष्कळ खाली आहेत.

पूर्ण थ्रॉटलला बिनटर्बोच्या इंजिनाला हवा-पेट्रोलचं प्रमाण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) १३ च्या जरा खाली चालतं. टर्बोत ते साडेअकरा ते बाराच्या आसपास ठेवा.

ऑक्टेनचीही (पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्या आकड्याची) गल्लत होते. भारतातलं साधं पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचं होतं, तो आकडा रिसर्च ऑक्टेनचा. कॅलिफोर्नियात पंपावर ९१ लिहिलेलं असतं ते प्रीमियम पेट्रोल, आणि तो आकडा रिसर्च आणि मोटर ऑक्टेनची सरासरी असतो. आपल्या मापात ते ९५-९६ भरतं. त्यामुळे इंग्लंडमधल्या मित्राने ९९ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेला मॅप (ईसीयूमधला पेट्रोल आणि ठिणगीचा तक्ता) जसाच्या तसा कॅलिफोर्नियातल्या गाडीत टाकलात, तर नॉकिंग ठरलेलं. मॅप नेहमी आपल्या पंपावरच्या पेट्रोलवरच बसवून घ्या.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर) पुढे कधीतरी लावू म्हणणं

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना अर्धा बार बूस्ट दिला, आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा ८० अंशांच्या वर जाते. दाब दीडपट झाला, पण गरम हवा विरळ असते, म्हणून प्रत्यक्षात हवा २८ टक्क्यांच्या आसपासच जास्त जाते. तीच हवा इंटरकूलरने ४५ अंशांवर आणली तर वाढ ४० टक्क्यांच्या पुढे जाते, आणि नॉकिंगचा धोकाही उतरतो. त्याच बूस्टला जास्त ताकद मिळते आणि इंजिनही सुरक्षित राहतं. ‘बूस्ट कमी आहे, इंटरकूलरची गरज नाही’ हे दुकानदाराचं वाक्य मला अजिबात पटत नाही.

थंडाव्याची दुसरी गोष्ट या इंजिनाच्या जन्माशी बांधलेली आहे. ते मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदा ३२३ सारख्या गाडीत आडवं बसायचं. मियाटात उभं बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट मागून पुढे आणली गेली. त्यामुळे पाणी पुढूनच येतं, पुढूनच निघतं, आणि मागचा चौथा सिलिंडर जरा तापट राहतो. रोजच्या वापरात ते कळत नाही. टर्बो लावून ट्रॅकवर जाणार असाल तर पाण्याची वाट पुन्हा मागून काढणारं किट बसवा. आणि त्याही आधी पुढच्या बंपरखालचा प्लॅस्टिकचा पत्रा जागेवर आहे का ते बघा. अनेक जुन्या गाड्यांमधून तो कधीच गळून पडलेला असतो. तो नसेल तर हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निसटते आणि हायवेवर तापमानाचा काटा चढायला लागतो. नवा रेडिएटर घेण्याआधी तो पत्रा लावा.

टर्बो लावला, आता गाडी कुरकुरतेय

बूस्ट चढला की वरच्या आरपीएमला गाडी अडखळते: बहुतेक वेळा ठिणगी विझते आहे. दाट मिश्रणातून ठिणगीला उडी मारता येत नाही. स्पार्क प्लगची फट १.१ मिलिमीटरची असेल तर ०.७-०.८ वर आणा आणि प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. कॉइल आणि वायरी जुन्या असतील तर त्याही बदला.

सायलेन्सरमधून निळा धूर: लगेच टर्बो गेला असं समजू नका. टर्बोतून ऑइल परत येतं ते फक्त उतारानेच. परतीची नळी बारीक असेल, कुठे वर चढत असेल किंवा संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीखाली उघडत असेल, तर ऑइल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून गळतं. नळी रुंद आणि शक्य तेवढी सरळ खाली हवी. नंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इंजिनात परत ओढणारी झडप) तपासा. तो बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये सोडत असेल तरी हेच लक्षण दिसतं.

पाय काढताच गाडी बंद पडते: ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद होताच अडकलेला दाब सोडणारी झडप) हवा बाहेर सोडतोय. ती हवा मीटरने आधीच मोजलेली असते, त्यामुळे ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो आणि मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होतं. मूळ मीटर ठेवला असेल तर ती हवा टर्बोच्या आधी परत पाइपात सोडा. तो फुस्स आवाज कितीही आवडला तरी.

बूस्ट ठरवल्यापेक्षा आपोआप वर सरकतो: वेस्टगेटला (टर्बोला वळसा घालून वायू सोडणाऱ्या झडपेला) पुरेसा वायू बाहेर टाकता येत नाहीये. मोठा एक्झॉस्ट लावल्यावर हे हमखास दिसतं. कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

बिनटर्बोवाल्यांच्या चुका

इथे नुकसान कमी, पैसे फुकट जाण्याची शक्यता जास्त. उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवला की तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. आवाज छान येतो, ताकद घटते. बाहेरची थंड हवा येईल अशी पेटी किंवा नळी असेल तरच तो लावा. एक्झॉस्टचा पाइप फार रुंद घेतला तर वायूंचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. हलकं फ्लायव्हील ताकद वाढवत नाही, पण इंजिन पटकन चढतं-उतरतं, आणि या गाडीत ती मजा खरी आहे. चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी बसवणार असाल तर ईसीयू आणि ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम यांची सोय आधी करा. थ्रॉटल बॉडी चारही सारख्या उघडायला हव्यात, नाहीतर आयडलला गाडी थरथरत राहते.

दोन दगडांवर पाय ठेवणं ही वेगळी चूक, आणि हौशी लोक नेमकी तीच करतात. आधी कॉम्प्रेशन वाढवलं, लांब ओव्हरलॅपचे (आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडा ठेवणारे) कॅम बसवले, आणि वर्षभराने त्याच इंजिनावर टर्बो चढवला. वाढलेल्या कॉम्प्रेशनमुळे नॉकिंगशिवाय बूस्ट देता येत नाही, आणि ओव्हरलॅपमुळे बूस्ट एक्झॉस्टमधून निसटतो किंवा उलट दाबाने गरम वायू सिलिंडरमध्ये परत येतात. पुढेमागे टर्बो लावायचाच असेल, तर तोवर आतलं इंजिन जसं आहे तसं ठेवा आणि पैसे सस्पेन्शनला घाला.

इंजिनापलीकडचं विसरणं

२००४ मध्ये माझदाने स्वतः टर्बोची मियाटा काढली. ताकद १७८ अश्वशक्ती, म्हणजे साध्या गाडीपेक्षा ३६ जास्त. त्यासाठी कंपनीने क्लच, ड्राइव्हशाफ्ट, डिफरन्शियल आणि रेडिएटर बदलले. पहिल्या १.६ गाड्यांचं डिफरन्शियल तर मुळातच नाजूक आहे. १९९४ च्या १.८ गाडीपासून मोठं डिफरन्शियल आलं, टर्बोच्या यादीत ते धराच. पाच गिअरांची गिअरबॉक्स बेताचा टॉर्क सोसते, पण तिसऱ्या गिअरला खालच्या आरपीएमवर पूर्ण बूस्ट ओतलात तर दाते तुटतात. ईसीयूमध्ये खालच्या गिअरांना बूस्ट कमी ठेवा.

कॅलिफोर्नियात असाल तर टर्बो किटला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक आहे का ते विकत घेण्याआधी विचारा. तो नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे. त्यामुळे इथल्या कुठल्याही गाडीवर असा प्रयोग करायचा असेल तर ती फक्त ट्रॅकवर चालेल, हे धरूनच करा.

सगळं बसवून झालं की पहिल्याच दिवशी पूर्ण बूस्ट नको. वेस्टगेटच्या सर्वात हलक्या स्प्रिंगवर चालवा, तिसऱ्या गिअरला एकदा खालून वर जा आणि लगेच लॅपटॉपवर लॉग उघडून मिश्रण, हवेचं तापमान आणि इंजेक्टर किती टक्के उघडे होते ते बघा. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या पुढे गेले असतील किंवा मिश्रण १२ च्या वर पातळ झालं असेल, तर बूस्ट वाढवू नका. गाडी उभी करून तिच्यातला पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर आणि पेट्रोलचं प्रेशर या क्रमाने तपासत या.