वळवलेल्या महामार्गाचा माग कसा काढावा : आय-95चे उदाहरण

व्हर्जिनियाकडून आय-95ने, म्हणजे ‘इंटरस्टेट 95’ या आंतरराज्य महामार्गाने, वॉशिंग्टनकडे येणाऱ्या प्रत्येक चालकाला स्प्रिंगफील्ड येथे एक विसंगती दिसते. रस्ता सरळ शहरात जातो, पण 95 हा क्रमांक त्याच्याबरोबर जात नाही. तो उजवीकडे वळून शहराभोवतीचा वर्तुळमार्ग धरतो, वुड्रो विल्सन पुलावरून पोटोमॅक ओलांडतो आणि बऱ्याच अंतरानंतर, मेरीलँडमधील कॉलेज पार्कजवळ, पुन्हा उत्तरेची वाट पकडतो. सरळ गेलेल्या रस्त्याला मात्र 395 हा क्रमांक आहे. मायामीपासून मेन राज्यात कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे 1,900 मैल जाणारा देशाचा प्रमुख महामार्ग राजधानीच्या दाराशी येऊन बाजूने का निघून जातो, हे शोधण्याची पद्धत या लेखात मांडली आहे. ती अमेरिकेतील बहुतेक शहरांना लागू पडते; आय-95 निवडण्याचे कारण एवढेच की, न्यू जर्सी आणि मेरीलँडमध्ये राहणारी अनेक मराठी कुटुंबे या रस्त्याने नित्य प्रवास करतात आणि त्यातील कोडी त्यांच्या डोळ्यांखालून रोज जात असतात.

पहिली पायरी क्रमांकाची आहे. इंटरस्टेटच्या क्रमांकांना शिस्त आहे : विषम अंक दक्षिणोत्तर मार्गांना दिले जातात व ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, सम अंक पूर्व-पश्चिम मार्गांना दिले जातात व ते दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात. तीन अंकी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे असतात. पहिला अंक सम असेल तर तो मार्ग सर्वसाधारणपणे शहराला वळसा घालतो किंवा दोन मार्गांना जोडतो. विषम असेल तर तो बहुधा शहरात शिरून तेथेच संपणारा फाटा असतो. 395 मधील 3 हा अंक त्यामुळे अर्थपूर्ण ठरतो. जो रस्ता शहर ओलांडून पलीकडे जाणार होता, तो आत जाऊन थांबला, ही गोष्ट फलकावरच लिहिलेली आहे, आणि प्रत्यक्षातही आय-395 नॅशनल मॉलखालच्या बोगद्यातून उत्तरेला निघून न्यूयॉर्क अव्हेन्यूवर, एका साध्या वाहतूक दिव्यापाशी, संपतो.

येथे एक काळजी घेतली पाहिजे. ‘मार्ग बदलला’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या घटना मिसळलेल्या असतात आणि नवखा अभ्यासक बहुधा येथेच घसरतो. काही वेळा रस्ता जागचा हलत नाही, फक्त क्रमांक दुसऱ्या रस्त्यावर नेला जातो. वॉशिंग्टनमध्ये 1977 मध्ये असेच झाले आणि 1964 मध्ये पूर्ण झालेल्या वर्तुळमार्गाच्या पूर्वेकडील अर्ध्या भागाला 95 हा क्रमांक मिळाला. काही वेळा रस्ताच उचलून दुसरीकडे बांधला जातो, जसे ओक्लाहोमा सिटीत आय-40च्या बाबतीत झाले. आणि काही वेळा आखलेला तुकडा कधी बांधलाच जात नाही. सिरॅक्यूजमध्ये आय-81चा उन्नत मार्ग पाडून क्रमांक शहराबाहेरच्या आय-481वर नेण्याचे काम 2023 मध्ये सुरू झाले, म्हणजे तेथे क्रमांकही हलतो आणि बांधकामही जाते. आपल्या शहरातील प्रकार कोणता, हे आधी वहीत लिहून ठेवावे. पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो.

दुसरी पायरी जमिनीवरची. उपग्रह छायाचित्रात इंटरचेंज, म्हणजे महामार्ग एकमेकांना मिळतात त्या जागा, पाहाव्यात आणि तेथे सरळ जाणाऱ्या मार्गिका कोठे लुप्त होतात ते तपासावे. कॉलेज पार्कला बाल्टिमोरकडून येणारा आय-95 वर्तुळमार्गाला भिडतो, पण त्या इंटरचेंजची रचना पाहिली की रस्ता पुढे दक्षिणेला जाणार होता हे उघड होते. जेथून तो गेला असता तेथे आता गाड्या लावून पुढे सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांसाठी वाहनतळ आहे. बॉस्टनच्या दक्षिणेस कँटन येथे तर आय-95वरच राहण्यासाठी चालकाला रॅम्पने, म्हणजे बाजूच्या जोडमार्गिकेने, वळावे लागते. एखाद्या मुख्य मार्गाला स्वतःच्याच क्रमांकावर टिकून राहण्यासाठी रॅम्प घ्यावा लागत असेल, तर तेथे मूळ आखणी मोडली आहे असे समजण्यास हरकत नाही.

तिसरी पायरी जुन्या नकाशांची असून हिला सर्वाधिक वेळ द्यावा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आपले जुने स्थलदर्शक नकाशे जालावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. एकाच भागाचे किमान तीन नकाशे घ्यावेत : एक 1956 पूर्वीचा, एक 1965 ते 1970च्या दरम्यानचा आणि एक 1980 नंतरचा. यांतील पुष्कळ नकाशे पुन्हा सर्वेक्षण न करता हवाई छायाचित्रांवरून सुधारलेले असतात आणि सुधारलेला भाग जांभळ्या रंगात छापलेला असतो. म्हणजे जांभळी रेघ दिसली की मूळ नकाशानंतर आणि सुधारणेच्या वर्षापूर्वी तो रस्ता झाला, हे निश्चित होते. राज्य सरकारांच्या वार्षिक रस्तेनकाशांचा उपयोग वेगळा आहे, कारण त्यांत नियोजित रस्ते तुटक रेषेने दाखवत असत. ती तुटक रेषा कोणत्या वर्षीच्या नकाशात प्रथम आली आणि कोणत्या वर्षी नाहीशी झाली, हे पाहावे. मात्र तुटक रेषेला आखणी मानण्याची घाई करू नये. ती पुष्कळदा केवळ दिशा सांगते. कोणाचे घर त्यात जाणार होते हे ती सांगत नाही.

त्यासाठी कागदपत्रांकडे वळावे लागते. 1955 मध्ये संघीय सरकारने एक पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका काढली होती, जिच्यात शहरांमधून जाणाऱ्या प्रस्तावित इंटरस्टेटचे ढोबळ नकाशे होते. आपल्या शहराचे पान तिच्यात असेल तर शोधाची सुरुवात तेथून करावी. 29 जून 1956 रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने 41,000 मैलांच्या जाळ्याला मान्यता दिली आणि खर्चाचा 90 टक्के भार संघीय सरकारने उचलला. राज्याला शंभरातले दहाच डॉलर घालायचे असल्यावर शहराच्या मध्यातून रस्ता नेण्याचा मोह कोणाला होणार नाही? पुढची तीन साले नोंदवून ठेवावीत : 1966, 1970 आणि 1973. 1966 च्या परिवहन विभाग कायद्याने सार्वजनिक उद्यानांतून रस्ता नेण्यावर कडक अट घातली. मेंफिसच्या ओव्हरटन पार्कमधून जाणारा आय-40 याच अटीवर सर्वोच्च न्यायालयात 1971 मध्ये अडला आणि अखेर तो क्रमांक शहराच्या उत्तरेकडील वळणमार्गावर गेला. 1970 पासून पर्यावरण परिणामांचा अहवाल बंधनकारक झाला. आणि 1973 च्या कायद्याने शहरातील न बांधलेल्या इंटरस्टेटचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा दिली.

माझ्या मते या तिघांत 1973 चा कायदा सर्वांत महत्त्वाचा, कारण तोपर्यंत रस्ता नाकारणे म्हणजे पैसा नाकारणे होते. म्हणूनच शोध घेताना ‘रस्ता कोणी थांबवला’ या प्रश्नाइतकाच ‘त्याचे पैसे कोठे गेले’ हा प्रश्न विचारावा. वॉशिंग्टनमध्ये ते मेट्रोला मिळाले. बॉस्टनमध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी 1970 मध्ये महामार्गांना स्थगिती दिली व 1972 मध्ये शहरातून जाणारा आय-95 रद्द केला. 1987 मध्ये त्याच पट्ट्यातून ऑरेंज लाइन या शहरी रेल्वेची गाडी धावू लागली आणि बाजूने उद्यान झाले. पण तेथील पाडापाडी स्थगितीपूर्वीच झालेली होती. रस्ता रद्द झाला म्हणून गेलेली घरे परत आली नाहीत, आणि हा पट्टा वर्षानुवर्षे रिकामा पडून राहिला. काउंटीच्या मिळकत नोंदी, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्याचे तिकडचे भावंड, उघडल्या की एका रांगेतील भूखंड राज्याच्या नावे झालेले दिसतात. नियोजित रस्त्याची खरी रुंदी तेथे सापडते.

विरोध कोणी केला हे स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत पाहावे. वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात, ब्रुकलँडसारख्या वस्त्यांत, कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय रहिवासी एकत्र आले होते. रेजिनाल्ड बुकर आणि सॅमी अॅबट ही त्या चळवळीतील दोन ठळक नावे आहेत. परंतु प्रत्येक रद्द झालेला रस्ता म्हणजे दुबळ्यांचा विजय, असा निष्कर्ष काढू नये. न्यू जर्सीत आय-95 ट्रेंटनच्या उत्तरेकडून निघून हॉपवेल ते पिस्कॅटवे असा सॉमरसेट फ्रीवेने जाणार होता. तेथील विरोध बऱ्याच अंशी सुखवस्तू उपनगरांचा होता आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तोही रस्ता रद्द झाला.

त्याचा परिणाम वाचकांपैकी अनेकांनी अनुभवला असेल. पेन्सिल्व्हेनियाकडून आय-95 उत्तरेला घेतला की लॉरेन्स टाउनशिपमध्ये, यूएस 1 पाशी, तो क्रमांक संपत असे. रस्ता तोच, पण नाव आय-295 आणि दिशा दक्षिण! दुसरीकडे ब्रिस्टल येथे आय-95 आणि पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोल महामार्ग एकमेकांना ओलांडत, पण एकावरून दुसऱ्यावर जाण्यास वाट नव्हती. तो जोड 22 सप्टेंबर 2018 रोजी खुला झाला, आय-95 टर्नपाइकवरून डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सी टर्नपाइकला मिळाला आणि ट्रेंटनभोवतीच्या जुन्या वळशाला आय-295 हे नाव मिळाले. एक्झिट क्रमांकही बदलले : नदीलगतचा, रूट 29चा, जुना एक्झिट 1 आज 76 आहे. म्हणून जुन्या बातम्या, पत्ते किंवा घरातील जुने दिशानिर्देश वाचताना एक्झिटचा क्रमांक कोणत्या वर्षीचा, हे आधी ठरवावे.

आपली नोंद लिहिताना प्रत्येक विधानासमोर ते नकाशावरून घेतले, कागदावरून घेतले की जमिनीवर पाहून अनुमान केले, हे वेगळे लिहावे. प्रत्यक्ष पाहणीसाठी महामार्गाच्या कडेला थांबू नये. ते धोक्याचे आहे आणि त्याची गरजही नाही. बॉस्टनमध्ये बॅक बेपासून फॉरेस्ट हिल्सपर्यंत उद्यानातून चालत जाता येते. वॉशिंग्टनमध्ये युनियन स्टेशनवरून मेट्रोच्या रेड लाइनची उत्तरेकडे जाणारी गाडी पकडून खिडकीजवळ बसावे : ब्रुकलँड आणि टाकोमाच्या बाजूने रुळांना लागून जी घरे आज उभी दिसतात, त्यांतील कित्येक त्या रद्द झालेल्या महामार्गाच्या वाटेत होती.